मे महिन्यात कोण जातं डोंगरावर?

वनस्पती बघत हिंडणाऱ्यांचं स्वतःचं एक पंचांग असतं. जून संपता संपता भिंगं, वह्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या बाहेर निघतात. श्रावण-भाद्रपदात पठारांवर पाय ठेवायला जागा नसते. दिवाळी झाली, गवत पिवळं पडलं, की सगळं सामान पुन्हा माळ्यावर. मे महिन्यात डोंगरावर दिसणारा माणूस एक तर गुराखी असतो, नाहीतर वाट चुकलेला. उतार तेव्हा काळे पडलेले असतात. वणवा येऊन गेलेला असतो. जळक्या गवताचे खुंट पायाखाली करकर मोडतात आणि चपलेत राख शिरते.

तळेगाव दाभाडेजवळच्या गवताळ उतारांवर नेमक्या याच दिवसांत एक झाड फुलत होतं. जेमतेम वीतभर उंचीचं, फुलांनी लगडलेलं. किती वर्षं फुलत होतं कोण जाणे. बघणारं कोणी नव्हतं, आणि ज्यांनी बघितलं असेल त्या गुराख्यांना कोणी विचारलं नव्हतं.

मी राहतो ताथवड्यात, तळेगावपासून वीसेक किलोमीटरवर. एका बाजूला हिंजवडी, दुसऱ्या बाजूला महामार्ग, मध्ये बावीस-बावीस मजल्यांचे टॉवर. गाव २००९ साली महापालिकेत आलं. त्याच्या आधीची ओळख सांगायची तर इथलं सरकारी वळूमाता प्रक्षेत्र. जातिवंत गाईगुरं, आणि त्यांच्यासाठी राखलेला चारा. तळेगावही चाऱ्यासाठीच ओळखीचं, तिथल्या गवताचा बाजार जुना. म्हणजे हा सगळा टापूच मुळात गुरांचा आणि गवताचा. आता गुरं गेली, गवत राहिलं, पण ते भलतंच. त्याच्याकडे मी नंतर येतो. आधी तळेगावच्या उतारावर जाऊ.

२०२० साली तिथून या झाडाचे पहिले नमुने गोळा झाले. नमुना म्हणजे काय, तर फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवायची, जाड पांढऱ्या कागदावर शिवायची आणि कोपऱ्यात जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव लिहायचं. दोनशे वर्षांत या पद्धतीत फारसा फरक पडलेला नाही. काम करणारे तिघं होते, आदित्य धारप, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतले मंदार दातार आणि तिथेच पीएच.डी. करणारे भूषण शिगवण.

झाड कुठल्या घराण्यातलं हे ओळखायला अवघड नव्हतं. अडुळसा, कोरांटी, आबोली, कारवी या मंडळींचं कुळ. आबोलीची वाळकी कणसं पाण्यात टाकली की टचटच फुटतात, हा खेळ लहानपणी बहुतेकांनी खेळलेला असतो. या कुळाची ती खूणच आहे. बोंड पिकलं की एकदम उकलतं आणि बी लांब उडवतं. त्यातल्या ज्या प्रजातीत हे झाड बसत होतं तिचं नाव डिक्लिप्टेरा. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ साधारण ‘दोन कवाडं आणि पंख’ असा लागतो, आणि तो त्या बोंडाला उद्देशूनच आहे.

घराणं कळलं, पण नाव काही लागेना. डिक्लिप्टेराच्या भारतात सापडणाऱ्या बाकी जातींमध्ये फुलांचे छोटे झुपके ज्या रीतीने लागतात, ती रीत इथे नव्हती. इथे ते झुपके एका दांड्यावर कणसासारखे रचलेले होते. भारतातल्या दुसऱ्या कुठल्याच जातीत असं कणीस नाही. तशा रचनेचं सगळ्यात जवळचं भावंड शोधायला थेट आफ्रिकेत जावं लागत होतं.

इथवर गोष्ट सरळ आहे. घोळ झाला तो मोसमाचा.

पावसाळा संपला की, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, हे झाड फुलतं. मार्च-एप्रिलपर्यंत फुलतच राहतं. त्यात नवल काही नाही. मग उतारावर वणवा येतो. गवताबरोबर हेही जळून जातं, जमिनीवर काही उरत नाही. आणि मे-जूनमध्ये, पाऊस अजून धड आलेला नसताना, त्याच राखेतून बुटके कोंब वर येतात आणि पुन्हा फुलतात. या वेळी फुलं जास्त, दिवस कमी. नोव्हेंबरातली फांदी आणि मेमधला कोंब शेजारी शेजारी ठेवले तर ही दोन वेगळी झाडं आहेत असंच कोणीही म्हणेल. त्यामुळे एका मोसमाच्या नमुन्यावर निकाल देऊन चालणार नव्हतं. पुढची काही वर्षं त्याच जागेवर नजर ठेवावी लागली. खुणा दरवर्षी त्याच राहतात का? हे झाड खरंच असं आहे, की एखाद्या वर्षीचा चमत्कार?

शोध म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ‘सापडलं!’ म्हणून ओरडणारा माणूस येतो. इथे ओरडण्यासारखा क्षण बहुधा नव्हताच. एकाच उतारावर पुन्हा पुन्हा जाणं होतं, आणि तेही कोणी जात नाही त्या दिवसांत. मला यातलं नाट्य तिथेच दिसतं.

शेवटी लंडनच्या क्यू उद्यानातले इयान डार्बिशायर यांनी, या कुळातल्या जाणकारांत त्यांचं नाव वरचं, झाड नवीन असल्याचं मान्य केलं. ‘क्यू बुलेटिन’मध्ये निबंध आला आणि २०२४ च्या डिसेंबरात बातमी फुटली. नाव ठेवलं डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा. पॉलिमॉर्फा म्हणजे अनेक रूपांची. बहुरूपी म्हणा. आगीनंतर फुलणारी, वर्षातून दोनदा फुलणारी म्हणून वर्तमानपत्रांनी दोन दिवस तिचं कौतुक केलं.

आता जरा या उताराचा पत्ता बघा. तळेगाव काही दुर्गम जंगल नव्हे. खंडाळा ते पुणे ही रेल्वे १८५८ साली सुरू झाली, तेव्हापासून माणसं तळेगावावरून येजा करताहेत. त्यात वनस्पतिशास्त्रज्ञही होते, आणि या भागात तर त्यांची वस्तीच होती. दापोडीला, जिथे पवना मुळेला मिळते तिथे जवळच, १८२८ पासून १८६५ पर्यंत सरकारी वनस्पती उद्यान होतं. अलेक्झांडर गिब्सन त्याचा प्रमुख. त्याची दुसरी बाग जुन्नरजवळ हिवऱ्याला. त्याने आणि डाल्झेल या दुसऱ्या वनस्पतिअभ्यासकाने मिळून १८६१ साली ‘बॉम्बे फ्लोरा’ छापलं. त्यानंतर थिओडोर कुक, पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचा, म्हणजे आजच्या सीओईपीचा, प्राचार्य. त्याने मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचे जाडजूड खंड १९०१ ते १९०८ या काळात काढले. आजही इथला कुठलाही अभ्यासक पहिल्यांदा कुक उघडतो. एवढी मंडळी या वाटेने गेली आणि हे झाड राहून गेलं.

कारण पंचांग. आणि दुसरं कारण, जे मला जास्त टोचतं, ते म्हणजे गवताळ उताराला आपण जागाच मानत नाही. जंगल ही जागा, देवराई ही जागा, पठारही अलीकडे कासमुळे जागा झालं. उतारावरचं गवत म्हणजे नुसतं मधलं अंतर. सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’, बोलण्यात ‘माळ’, ‘ओसाड’, ‘पडीक’. आशिष नेर्लेकर आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली दख्खनच्या आणि द्वीपकल्पाच्या गवताळ मुलखातल्या, जगात दुसरीकडे कुठेच न सापडणाऱ्या वनस्पतींची मोजदाद केली. त्या दोनशेच्या वर भरल्या. त्यातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वनस्पतींना नाव मिळालं ते गेल्या दोन दशकांत. इतक्या उशिरा, कारण कोणी बघतच नव्हतं.

डाल्झेलचीच एक गोष्ट इथे सांगून टाकतो. जुन्नर भागातून त्याने १८६० च्या दशकात एक मांसल पानांची, तपकिरी-लाल फुलांची वनस्पती नोंदवली आणि तेव्हाचा गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या नावावरून तिला फ्रेरिया इंडिका म्हटलं. आपली शिंदळ माकुडी. जगातल्या अतिदुर्मीळ वनस्पतींच्या याद्यांत तिचं नाव हमखास असतं. पण ती राहते कड्याच्या कपारीत. कड्यावर कोणी प्लॉट पाडत नाही आणि कोणी झाडंही लावायला जात नाही. उतारावरच्या झाडाच्या नशिबात ते सुख नाही.

आता दुसरा शोध. हाही पुण्यातलाच, पण नेमका उलटा.

डिसेंबर १९५५ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची पश्चिम शाखा पुण्यात सुरू झाली. तिथले आर. एस. राव यांना पुण्यातल्या उकिरड्यांवर एक अनोळखी रोप दिसलं. पानं गाजरासारखी चिरलेली, वर पांढरी बारीक फुलं. हे झाड आपलं नव्हतं. त्यांनी ते ओळखलं आणि १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये तीन पानांचं टिपण छापलं. मथळा साधा होता, पार्थेनियमची भारतातली नवी नोंद. तेव्हाच्या वाचकांनी ते टिपण वाचून पान उलटलं असेल. एक तण सापडलं, त्यात काय एवढं?

गाजर गवत. काँग्रेस गवत. चटक चांदणी. एका परक्या रोपाला मराठीने किती नावं दिली! काँग्रेस का, याचे दोन पाठ आहेत. एक म्हणजे फुलं गांधी टोपीसारखी पांढरी, दुसरा म्हणजे काँग्रेसच्या राजवटीत अमेरिकेच्या गव्हातून आलं. गव्हाची गोष्ट मराठी घराघरांत पक्की बसली आहे. पण तो गहू ज्यातून आला तो पीएल-४८० चा करार झाला १९५६ च्या ऑगस्टमध्ये, आणि झाड तर तोवर पुण्याच्या उकिरड्यांवर पोचलेलं होतं. पुढे डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेच्या संग्रहात याच झाडाचा १८८० सालचा एक कागदही निघाला. म्हणजे ते आधीही येऊन गेलं होतं. फोफावलं मात्र १९५० च्या दशकानंतर. गव्हाने मदत केली असेल, पण सगळं बिल गव्हावर फाडता येत नाही.

एकदा फोफावल्यावर मात्र त्याने मागे वळून बघितलं नाही. एका झाडाला दहा-पंधरा हजार बिया सहज येतात. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलावर येतं, पाणी मिळालं की मोसम बघत नाही. पानांत-मुळांत पार्थेनिन नावाचं कडू रसायन असतं. ते मातीत उतरलं की शेजारच्या बियांना रुजू देत नाही. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणजे चराईचा सगळा भार उरलेल्या चांगल्या गवतावर पडतो. परकं झाड देशी झाडाला मारतं ते असं, अंगावर धावून जाऊन नाही. आधी गुरांकडून शेजाऱ्याला खाववतं, मग मोकळी झालेली जागा स्वतः घेतं.

आमच्या सोसायटीच्या मागे एक प्लॉट आहे, बांधकाम रखडलेला. पत्र्याच्या कुंपणाआड पुरुषभर गाजर गवत. गावातले एक आजोबा अजून दोन म्हशी राखून आहेत. ते सकाळी विळा घेऊन त्या कुंपणाच्या कडेने हिंडतात आणि मुठीएवढं काहीतरी घेऊन परत जातात. एकदा मी उत्साहात एक रोप उपटायला गेलो, तर लांबून ओरडले, “ओ दादा, हात नका लावू त्याला! अंगाला खाज सुटंल.”

मी विचारलं, म्हशीने खाल्लं तर?

“खात न्हाय ती. उपाशी राहील पण खायची न्हाय. चुकून पेंढीत गेलं तर दूध कडू येतं. गिऱ्हाईक लगेच फोन करतंय.” मग विळ्याच्या टोकाने कुंपणाच्या बुडाशी दाखवत म्हणाले, “हितं आधी पवन्या असायचा. मारवेल असायचं. ह्यो मुरूम टाकला, तवापासून हे.”

मुरमाची गोष्ट त्यांनी सहज सांगितली, पण या पट्ट्यातल्या आक्रमणाची निम्मी हकिगत त्यात आहे. ताथवडे, पुनावळे, मारुंजी, चाकण, जिकडे बघावं तिकडे जमीन एका ठिकाणची उचलून दुसऱ्या ठिकाणी ओतणं चालू आहे. पाया खणला की माती डंपरमध्ये, डंपर पुढच्या भरावावर. त्या मातीत काय आहे हे कोणी बघत नाही. हजारो बियांना फुकट गाडी मिळते, तीही रात्री, वाहतूक कमी असताना. रस्ता रुंद झाला की कडेला उघडी, हललेली माती, आणि अशी माती तणाला जितकी आवडते तितकी दुसऱ्या कशाला नाही. तळेगावच्या उतारापर्यंत पोचायला महामार्गाची कडच पुरते.

ऑगस्टमध्ये त्याच प्लॉटवर मी एक गंमत बघितली. गाजर गवताच्या शेंड्यांवर छोटे भुंगेरे होते, पिवळट पांढऱ्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा, कोणी बोरूने ओढल्यासारख्या. पानांची नुसती जाळी करून ठेवली होती. हे मेक्सिकन भुंगेरे. गाजर गवताच्या मुलखातूनच १९८३ साली भारतात आणले आणि पुढच्या वर्षी बंगळुरूला सोडले. मध्ये एकदा ते सूर्यफुलावर दिसले म्हणून शेतकऱ्यांत घबराट झाली, बराच गदारोळ उडाला. तरीही आपल्याकडची कृषी विद्यापीठं ते भुंगेरे वाटतात. पावसाळाभर मन लावून खातात, थंडी आली की मातीत उतरून झोपतात. गाजर गवत झोपत नाही. तेव्हा जमाखर्च काय तो समजा. परक्याला आवरायला दुसरा परका आणावा लागला, याचं मला हसू येतं, पण त्या दिवशी भुंगेऱ्यांच्या बाजूने मी अर्धा तास उभा होतो हेही खरं.

पण गाजर गवताला निदान कोणी चांगलं म्हणत नाही. जास्त भीती वाटते ती देखण्या पाहुण्यांची.

एक चूक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरात एका टेकडीच्या उतारावर पिवळ्या-केशरी फुलांचा लोट बघितला. गाडी थांबवली, फोटो काढले, ‘सह्याद्रीचा बहर’ असं लिहून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. सोनकीच असणार, असं मी धरून चाललो होतो. एका भाचीने तासाभरात कळवलं, “मामा, हे कॉसमॉस आहे. मेक्सिकोचं. बागेतून सुटलंय.” आता दर ऑक्टोबरात पुण्याच्या टेकड्यांवर लोक त्यात उभे राहून फोटो काढतात. काही जण तर बी गोळा करून दुसऱ्या टेकडीवर टाकतात, निसर्गसेवा म्हणून. दाट वाढणारं, भरपूर बी टाकणारं हे झाड त्याच्याखाली दुसऱ्या बारक्या रोपांना ऊन मिळू देत नाही. पण इतकं सुंदर दिसतं की उपटायला गेलात तर लोक तुम्हालाच चार शब्द सुनावतील.

घाणेरीही अशीच फुलांसाठी आणलेली, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात. पवनेवर दरवर्षी पसरणारी जलपर्णीसुद्धा जांभळ्या फुलांच्या कौतुकापोटीच जगभर फिरली. आपल्या दापोडीच्या बागेचं एक काम परदेशी उपयुक्त झाडं इथे रुजतात का हे बघणं हेच होतं. वाईट हेतू कोणाचाच नव्हता.

तसंच गिरिपुष्पाचं. नाव किती गोड! मध्य अमेरिकेतलं हे झाड. लॅटिन नाव ग्लिरिसिडिया, त्याचा अर्थ उंदीर मारणारं, म्हणून मराठीत उंदीरमारीही. पुण्याच्या टेकड्या हिरव्या करायच्या ठरल्या तेव्हा ते हवंच होतं. मुरमावर येतं, भराभर वाढतं, शेळी सहसा तोंड लावत नाही. एप्रिलच्या आधी गुलाबी फुलतं. मग शेंगा तडकतात, बी दूर उडतं, आणि लावलं नव्हतं तिथेही झाड उभं राहतं. त्याच्या सावलीत गवत विरळ होतं, पानगळीने माती बदलते. टेकडी हिरवी झाली हे कोण नाकारेल? उपग्रहाच्या चित्रात तर फारच छान दिसते. फक्त ती टेकडी आधी काय होती, हे विचारायचं नाही.

इथे पुन्हा त्या बहुरूपी झाडाकडे येतो. गवताची आग दिसते भयंकर, पण असते उथळ. वाळकं गवत भर्रकन पेटतं आणि तितक्याच झपाट्याने विझतं. वर ज्वाळा कमरेएवढी असली तरी चार बोटं खाली मातीला तिची फारशी खबर नसते. आणि या झाडाचं खरं घर तिथेच आहे, जमिनीखाली, लाकडासारखं टणक मूळखोड. वर काय जळलं याची त्याला पर्वा नाही. आफ्रिकेच्या गवताळ रानांत अशी कितीतरी झाडं आहेत, सगळी ताकद पोटात ठेवून आगीची वाट बघणारी. वणवा, विळा, शेळी, मे महिन्याचं ऊन, सगळ्यांशी त्याचा जुना हिशोब आहे. याचा अर्थ दरवर्षी डोंगर पेटवत सुटा असा नाही. शोध लावणाऱ्यांनीही माणसाने लावलेल्या आगींवर लगाम हवाच असं सांगितलं आहे. आणि उतारावर गवताऐवजी घाणेरी माजली, तर आगीचा स्वभावच बदलतो. काटक्या जळत राहतात, निखारा एका जागी बसतो, आणि मग चार बोटं खालीही धग पोचते.

पण मला जास्त काळजी सावलीची वाटते. हे उघड्या उतारावरचं झाड. आग आली तर ते परत येईल. डोक्यावर कायमचं छप्पर आलं तर काय करेल? त्या छपराशी त्याची ओळखच नाही.

जगाचा हिशोब २०२३ साली एका आंतरराष्ट्रीय समितीने मांडला. माणसाने इकडून तिकडे नेलेल्या सदतीस हजारांहून अधिक जाती आज परक्या मुलखात रुजल्या आहेत, त्यातल्या साडेतीन हजारांहून अधिक उपद्रवी. आजवर नोंदलेल्या नामशेष जातींपैकी साठ टक्क्यांच्या विनाशात अशा पाहुण्यांचा हात होता. आकडे मोठे आहेत. पण त्या साठ टक्क्यांत फक्त नाव असलेल्या जाती धरल्या आहेत. आपलं झाड २०२४ पर्यंत त्या वहीतच नव्हतं. तेव्हा गेलं असतं तर कुठल्या रकान्यात लिहिलं असतं?

आघारकर संस्था ज्यांच्या नावाने आहे ते शंकर पुरुषोत्तम आघारकर मालवणचे. वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून त्यांचं नाव, पण तरुणपणी, १९११ च्या सुमारास, त्यांनी सह्याद्रीत गोड्या पाण्यातला जेलीफिश शोधला होता. त्याच्या प्रजातीची तोवर नोंद होती ती आफ्रिकेतून. त्यांची संस्था १९४६ पासून पुण्यात आहे, आणि तिथल्याच लोकांनी तळेगावच्या उतारावर आफ्रिकेच्या भावंडाचं झाड शोधावं, हा योग मला फार आवडतो. अर्थ काही काढायचा नाही, नुसता आवडतो.

बातमी वाचल्यावर माझ्यातला हौशी माणूस गप्प बसेना. मे महिन्यातल्या एका रविवारी आकुर्डीहून लोणावळा लोकल धरली, तळेगावला उतरलो, चहा घेतला आणि समोर दिसला तो उतार चढायला लागलो. नेमकी जागा मला ठाऊक नव्हती आणि ठाऊक असती तरी इथे लिहिली नसती. उतार जळलेला होता. जळक्या वासात एक गोडसर झाक असते, ती नाकात बसली. वर कोतवाल पक्ष्यांची जोडी होती, खाली मी, आणि दोघांच्या मध्ये काळं रान.

अर्ध्या वाटेवर झाडं लागली. गेल्या पावसाळ्यात कोणीतरी लावलेली. प्रत्येकाला बांबूची काठी, बुडाशी आळं, आळ्याला दगडांची गोल किनार. टँकरने पाणी घालत असावेत, कारण माती ओली होती. सगळ्या काळ्या उतारावर हिरवं तेवढंच, ती वीस-पंचवीस गोल आळी. जवळ गेलो तर आळ्यांतली रोपं बहुतेक वाळलेली. हिरवं होतं ते गाजर गवत. भर मे महिन्यात, पांढऱ्या फुलांवर. पुढच्या रांगेसाठी नवे खड्डे चुन्याने आखून ठेवले होते.

शेवटच्या आळ्यापासून हातभर अंतरावर, राखेत, एक कोंब दिसला. चार बोटं उंच. पानं समोरासमोर, खोड किंचित जांभळट, टोकाला कळ्या मिटलेल्या. मी गुडघ्यावर बसून बराच वेळ बघत राहिलो. तेच असेल का? सांगता येईना. कळी उमलायला दोन दिवस तरी लागले असते, आणि मला संध्याकाळची लोकल पकडायची होती. उपटून न्यावं असं क्षणभर मनात आलं, मग स्वतःचीच लाज वाटली. फोटो काढला, तो हललेला आला.

कोणाचा पाय पडू नये म्हणून आजूबाजूचे तीन दगड उचलून मी कोंबाभोवती नीट मांडले. दहा पावलं खाली उतरल्यावर वळून बघितलं. वरून ते हुबेहूब एखाद्या आळ्यासारखं दिसत होतं. मग परत वर गेलो आणि दगड लांब फेकून दिले.